जप्तींतून सुटणारा माल : बेताच्या संसाराचें एक माप

महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचें अर्धेंअधिक आयुष्य गेलें. त्या अवधींत नाना प्रकारचे कागद आमच्या हातून लिहिले गेले. परंतु ज्या एका कागदाचा विसर आम्हांस अद्यापि पडलेला नाहीं, तो म्हणजे जंगम मालाची यादी. थकबाकीसाठीं कोणाच्या दारीं जाण्याचा प्रसंग आला म्हणजे पंचांसमक्ष घरांतील एकेक वस्तु बाहेर आणावयाची, तिच्यापुढें अंदाजी किंमत मांडावयाची व शेवटीं सह्या-अंगठे घ्यावयाचे, असा तो रिवाज. घरधनी दाराशीं खालीं मान घालून बसलेला असे, आणि आंत एखादें भांडें हललें तरी त्याचा आवाज साऱ्या गल्लीस ऐकूं जाई.

नोकरीच्या पहिल्याच वर्षीं एका वृद्ध अव्वल कारकुनांनीं आम्हांस बजावलें होतें, "बाबू, घरांत दिसेल तें सगळें लिहायचें नसतें. काय सोडायचें, तें आधीं शिक."

ही शिकवण कायद्याचीच होय. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमांत जप्तींतून वगळलेला माल सांगितला आहे. ऋणको, त्याची पत्नी व मुलें यांचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, खाटा व अंथरुणें, धर्माच्या रूढीप्रमाणें स्त्रीनें अंगावेगळे करूं नयेत असे दागिने, कारागीर असल्यास त्याचीं हत्यारें, आणि शेतकरी असल्यास शेतीचीं अवजारें, उपजीविकेस लागतील तेवढीं गुरें व बियाणें, तसेंच त्याचें राहतें घर. गहाण टाकलेल्या मालाची गोष्ट अर्थात् निराळी; परंतु एरव्हीं कर्ज कितीहि असो, एवढ्या मालास हात लावतां येत नाहीं. कायदा करणारांनीं स्वतःस एकच प्रश्न विचारलेला दिसतो : ह्या माणसापाशीं काय राहिलें असतां तो येत्या मृगांत पुन्हां वखर धरूं शकेल?

थोडक्या वस्तूंत, थोडक्या खर्चांत संसार करूं इच्छिणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें हाच प्रश्न स्वतःस विचारावा, असें आमचें मत आहे. तें मत आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. त्यासाठीं सात हजार दोनशें रुपये मोजावे लागले. ती हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

शब्द नवा, गोष्ट जुनी

दोन वर्षांपूर्वीं आम्ही सेवानिवृत्त होऊन दारव्हा तालुक्यांतील आमच्या गांवीं येऊन राहिलों. वडिलोपार्जित सात एकर काळें वावर आमचा पुतण्या वाहतो. बंधूंच्या पश्चात् वडीलकी आमच्याकडेच आहे. एके संध्याकाळीं तो मोबाईल हातांत घेऊन आला व म्हणाला, "काकाजी, शहरांत आतां लोक घरांतल्या वस्तु काढून टाकतात अन् हलके होतात. मिनिमलिझम म्हणतात त्याला. आपणहि अर्धें घर विकून टाकूं."

शब्द आम्हांस नवा होता; गोष्ट नवी नव्हती. अमेरिकेंत थोरो नांवाचा गृहस्थ १८४५ सालीं वॉल्डन नांवाच्या तळ्याकांठीं स्वतःच्या हातानें झोंपडी बांधून दोन वर्षें दोन महिने राहिला. झोंपडीस अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, हा हिशेबहि त्यानें लिहून ठेवला आहे. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत गांधीजी १९३६ सालीं शेगांवीं येऊन मातीच्या कुडांच्या घरांत राहिले. तेंच गांव पुढें १९४० सालीं सेवाग्राम झालें. विनोबांनीं १९५० सालीं पवनार येथें कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावांचून निर्वाह चालविण्याचा प्रयोग केला. हे सर्व वंदनीय खरे. परंतु थोरो अविवाहित होता, विनोबा ब्रह्मचारी होते. त्यांच्या दारीं ना उपवर बहीण, ना कृषी केंद्राची उधारी. त्यांच्या मापाचा सदरा कापल्याशिवाय आपल्या अंगास बसत नाहीं.

पुतण्याच्या चेहऱ्यावर मात्र आम्हांस निराळेंच कांहीं दिसलें. कृषी केंद्राची बाकी, मोटारसायकलचा हप्ता व बहिणीचें ठरत आलेलें लग्न, हीं तिन्हीं ओझीं त्याच्या डोक्यावर एकदम आलीं होतीं. नोकरींत असतांना शेतकरी आत्महत्येच्या चौकशीचे कागद आमच्या टेबलावरून कितीएक गेले. वारसांस एक लाख रुपयांचें साह्य, त्यांपैकीं तीस हजार रोख व सत्तर हजार ठेवीच्या रूपानें, अशी २००६ सालची व्यवस्था होती; आणि कागदाच्या शेवटीं 'पात्र' किंवा 'अपात्र' असा एका शब्दाचा शेरा. ते कागद वाचलेला मनुष्य, घरांतला तरुण मुलगा 'सगळें विकून टाकूं' म्हणूं लागला म्हणजे तें हसण्यावारी नेऊं शकत नाहीं. विकण्यांत हुरूप असतो तसा कंटाळाहि असतो. म्हणून आम्ही त्यास म्हणालों, "विकण्याआधीं यादी करूं. तेवढें काम आम्हांस येतें."

यादी व आमची चूक

तीन दिवस बसून घराची व गोठ्याची यादी केली. एकशें चौऱ्याऐंशी ओळी झाल्या. प्रत्येक ओळीपुढें तीनपैकीं एक शेरा लिहिला : 'नित्य लागतें', 'वर्षांतून एकदां लागतें', 'नुसतें आहे'. तिसऱ्या वर्गाचें आम्हांस मोठें नवल वाटलें. बंद पडलेला दूरदर्शन संच, दोन कूलर, ज्यावर कोणी बसत नाहीं असा सोफा, कांचेचें कपाट, आंदणांत आलेले व कागदांतून कधीं न निघालेले पेले. हें सर्व विकून अकरा हजार चारशें रुपये आले, खोली मोकळी झाली, आणि त्या खोलींत प्रथमच तुरीचीं पोतीं भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचतां आलीं. इथपर्यंत सर्व ठीक झालें.

पुढें आमचा हात सैल सुटला. 'वर्षांतून एकदां' ह्या वर्गासहि आम्हीं कात्री लावली. त्यांत दोन मोठ्या ताडपत्र्या होत्या. वर्षांतून पंधरा दिवस लागणारी वस्तु वर्षभर उंदरांपासून कशास जपावी, असा विचार करून त्या नऊशें रुपयांस शेजारच्यांस देऊन टाकल्या. कार्तिकांत दुसरा वेचा आला. घरांत पहिल्या वेच्याचा कापूस असल्यानें सहा क्विंटल कापूस अंगणांत होता. रात्रीं अवकाळी पाऊस आला. आम्ही सतरंज्या टाकल्या, लुगडीं टाकलीं; व्हावयाचें तें झालें. कापूस पिवळा पडला व बाजारांत क्विंटलमागें बाराशें रुपये कमी आले. सहा क्विंटलांचे सात हजार दोनशें! त्या रात्रीं शेजाऱ्याचा कापूस मात्र कोरडा राहिला, तो आमच्याच ताडपत्रीखालीं. शेजाऱ्याचा त्यांत काय दोष? त्यानें तर रोख पैसे मोजले होते.

त्या रात्रीं उसनी ताडपत्री कोणी देईना, कारण ती साऱ्या गांवासच हवी होती. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

ह्याच्या उलट गोष्ट आमच्या सौभाग्यवतींनीं शिकविली. घरांत एक मोठें पातेलें, दोन गंज व दोन पराती आहेत. त्यांच्यापुढेंहि आम्हीं 'वर्षांतून एकदां' असाच शेरा लिहिला होता व त्या मोडींत घालण्याचा बेत होता. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपल्या घरचें एकदां तुम्हीं लिहिलें, गल्लींतल्या सात घरांचें एकदां कुठें लिहिलें?" खरेंच होतें. बारसें, तेरवी, भंडारा, ज्याच्या घरीं कार्य असेल त्याच्याकडे तीं भांडीं जातात, आणि त्यांच्या बदल्यांत आमच्याकडे कोणाची शिडी, कोणाचा तराजू, कोणाचे मदतीचे हात येतात. पातेलें सातांस पुरतें, कारण सातांचें कार्य एके दिवशीं नसतें. ताडपत्री दोघांसहि पुरत नाहीं, कारण पाऊस सर्वांच्या अंगणांत एकदम येतो.

मापाचे तीन प्रश्न

तेव्हांपासून आम्हीं जुने तीन शेरे खोडून प्रत्येक वस्तूस तीन प्रश्न विचारण्याचें ठरविलें :

१. ही वस्तु दर वर्षीं किती खाते? (हप्ता, व्याज, चारा, तेल, दुरुस्ती, सर्व धरून.)

२. ती नसली तर एका दिवसांत किती बुडेल?

३. गरजेच्या दिवशीं ती गांवांत भाड्यानें वा उसनी मिळेल काय, कीं त्याच दिवशीं ती सर्वांस लागते?

जी वस्तु फार खाते, जिच्यावांचून फारसें बुडत नाहीं व जी भाड्यानें मिळते, ती घरीं नको. जी कांहींच खात नाहीं, पण जिच्यावांचून वर्षाचें पीक जातें, ती वर्षांतून एकदांच लागली तरी ती 'नित्य' समजावी. वस्तु किती वेळां वापरली जाते, हें माप शहरांतील चार भिंतींत चालत असेल. कास्तकाराच्या घरीं त्या मापानें मोजूं गेल्यास फसगत होते.

उदाहरणार्थ ट्रॅक्टर. सात एकरांच्या धन्यानें तो हप्त्यानें घेतला तर वावरापेक्षां हप्ताच मोठा होतो. नांगरटीस उन्हाळ्याचे दोन महिने मोकळे असतात, गांवांत भाड्याचे ट्रॅक्टर आहेत, दहा दिवस पुढेंमागें झालें तरी बिघडत नाहीं. तो भाड्यानेंच बरा. तिफण व डवरा यांची गोष्ट वेगळी. पावसानंतर वाफसा येतो तो सर्वांच्या वावरांत एकाच वेळीं, व चार दिवसांत पेरणी आटोपावी लागते. तीं घरचींच असावींत. मोटारसायकलीस हेच प्रश्न विचारले तेव्हां असें ठरलें कीं, बाजार बारा कोस दूर असतां ती चैन नव्हे. परंतु हप्ते फिटल्यावर 'नवें मॉडेल' ही चैन होईल. पुतण्यानें तें आपण होऊन कबूल केलें.

गाडगेबाबांचा हिशेब

आपल्या वऱ्हाडांत थोडक्यांत राहण्याचा सर्वांत मोठा धडा घालून दिला तो श्री गाडगे महाराजांनीं. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें त्यांचा जन्म झाला व १९५६ सालच्या २० डिसेंबर रोजीं त्यांचें देहावसान झालें. अंगावर चिंध्यांचें पांघरूण, हातांत खराटा व मातीचें गाडगें, एवढीच त्यांची जंगम मालमत्ता. परंतु त्यांच्याच खटपटीनें पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणीं धर्मशाळा उभ्या राहिल्या व हजारों गोरगरिबांस निवारा मिळाला. स्वतःपुरतें गाडगें व लोकांसाठीं दगडी इमारत, असा त्यांचा ताळेबंद होता.

त्यांच्या कीर्तनांतील उपदेश वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण सर्वांनीं ऐकला आहे. लग्नासाठीं कर्ज काढूं नका, देवापुढें बकरें मारूं नका, दारूस शिवूं नका; प्रसंगीं जेवणाचें ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, परंतु मुलांस शाळेंत घातल्यावांचून राहूं नका. वाचकांनीं पाहावें कीं, बाबांनीं नुसतें 'कमी करा' असें सांगितलें नाहीं. काय कमी करावें व काय मुळींच कमी करूं नये, ह्या दोन्हीं बाजू त्यांनीं एकाच श्वासांत सांगितल्या. त्यांतली एकच बाजू धरणारा कृपण होतो, दुसरीच बाजू धरणारा उधळ्या होतो.

पुतणीच्या लग्नांत आम्हीं हाच हिशेब धरला. मंगल कार्यालय, वाजंत्री व फटाके रद्द केले. मारुतीच्या देवळापुढील आंगणांत मांडव घातला. जेवणास वरण-भात, पोळी, एक भाजी व बुंदी. व्याही समजूतदार मिळाले, हें आमचें भाग्य. परंतु गल्लींतील एकाहि घराचें बोलावणें कमी केलें नाहीं. मांडव लहान केला, माणसें कमी केलीं नाहींत. उरलेल्या रकमेपैकीं कांहीं मुलीच्या नांवें ठेवींत टाकली व बाकी कृषी केंद्राच्या खात्यांत भरली. वाढण्यास कोणतीं भांडीं होतीं हें सांगावयास नको. सौभाग्यवतींनीं त्या दिवशीं आमच्याकडे एकदांच पाहिलें, बोलल्या कांहीं नाहींत.

वावरांतील काटकसर

घरांतील खर्चाहून वावरांतील खर्च मोठा असतो, आणि खरी काटकसर तेथेंच व्हावयास पाहिजे. येथेंहि तेच प्रश्न विचारावे.

बियाणें घ्या. भारतांत बीटी कपाशीस २००२ सालीं परवानगी मिळाली. आपल्याकडे ती मुख्यत्वें संकरित वाणांच्या रूपानें आली; संकरिताचें बीं घरीं धरून चालत नाहीं, तें दर वर्षीं विकतच घ्यावें लागतें. परंतु सोयाबीनचें सरळ वाण स्वपरागी आहे. त्याचें बीं घरचें चालतें. मळणींत दाण्यास मार लागूं देऊं नये, बीं चांगलें वाळवावें, पोत्यांची थप्पी उंच रचूं नये व पोतें वरून आदळूं नये, कारण सोयाबीनचें टरफल फार पातळ असतें. पेरणीपूर्वीं शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या रांगेंत मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलींत ठेवावें व रोज पाणी शिंपडावें. सहासात दिवसांनीं उघडून मोजावें. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर एकरीं सुमारें तीस किलो बीं पुरतें. कमी उगवले तर त्या मानानें बीं वाढवावें. गोणपाटाचा एक तुकडा व आठवडाभराची वाट, एवढ्या खर्चांत बियाण्याची मोठी रक्कम वांचते. मात्र बीजप्रक्रियेच्या बुरशीनाशकाचे व जिवाणू खताचे पैसे वांचवूं नयेत. ती काटकसर म्हणजे ताडपत्री विकणें होय.

फवारणीचें तसेंच. २०१७ च्या पावसाळ्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेंकडों इस्पितळांत पडले. दोनतीन औषधें एकत्र मिसळणें, डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटींत शिरून फवारणें व तोंडास, हातांस कांहींच संरक्षण नसणें, अशीं कारणें तेव्हां पुढें आलीं. येथें दोन गोष्टी शिकाव्या. पहिली, निष्कारण फवारा कमी करावा. गुलाबी बोंडअळीसाठीं एकरीं दोन कामगंध सापळे लावावे. सापळ्यांत सतत तीन रात्री सरासरी आठ पतंग येऊं लागले, किंवा तोडून पाहिलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकीं दोन किडलेलीं निघालीं, तरच औषधाकडे वळावें. सुरुवातीच्या रसशोषक किडींस पांच किलो निंबोळीच्या चुऱ्याचा अर्क शंभर लिटर पाण्यांत करून फवारावा. निंबोळ्या आपल्याच धुऱ्यावर पडतात. दुसरी गोष्ट, जेव्हां औषध फवारणें भाग असेल तेव्हां हातमोजे, तोंडावरील पट्टी व चष्मा यांचे पैसे कधींहि वांचवूं नयेत, व मजुरास तर तीं साधनें प्रथम द्यावीं. त्याचें शरीर हीच त्याची जप्तींतून सुटलेली मालमत्ता आहे.

फुकट वा अर्ध्या किंमतींत मिळालेली वस्तुहि पहिल्या प्रश्नांतून सोडूं नये. जुलै २००६ मध्यें पंतप्रधानांनीं विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. त्या काळांत सवलतीनें संकरित दुभत्या गाई वांटल्या गेल्या. ज्याच्याकडे ओलित व चारा होता त्यास त्या फळल्या. परंतु कोरडवाहू कास्तकाराच्या दारीं गाय दुधाहून अधिक किंमतीची ढेप खाऊं लागली, अशा हकीकती वृत्तपत्रांतून आल्या. ज्वारीचा पेरा कमी झाल्यानें कडबा संपला होता. गाय आली, कडबा आला नाहीं. आजहि एकदोन एकर ज्वारी ठेवणारा घरची भाकरी व गुरांचा चारा दोन्हीं सांभाळतो, हें विसरूं नये.

थोडक्यांत शेती करणें म्हणजे कमी काम करणें नव्हे, हें पाहावयाचें असल्यास यवतमाळचेच श्री. सुभाष शर्मा यांचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. १९९४ च्या सुमारास त्यांनीं रासायनिक खतें व औषधें सोडून नैसर्गिक शेती धरली, व २०२५ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें. विकतचा माल त्यांनीं कमी केला. परंतु गाई, झाडें, पाखरें, पिकांची विविधता व पावसाचें पाणी वावरांत जिरविणें, ह्यांकडे लक्ष वाढविलें. जेथून पैसा बाहेर जातो तें दार लहान करावें, व जेथून माती आंत येते तें दार मोठें करावें, हें त्यांतील सार आम्हीं घेतलें आहे. प्रत्येकानें सर्वच वावर एकदम तसें करावें, असें आमचें म्हणणें नाहीं. एका एकरावर करून पाहावें, दोन हंगाम हिशेब लिहावा, मग पुढें जावें.

उपदेशाची मर्यादा

आतां एक गोष्ट स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. काटकसरीचा उपदेश करणारे लोक कधींकधीं असें बोलतात कीं, जणूं शेतकरी उधळपट्टीनेंच बुडाला. हा आरोप जुना आहे. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथून सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले, तेव्हां सरकारनें चौकशी कमिशन नेमलें. रयत लग्नाकार्यांत उधळते म्हणून कर्जबाजारी होते, असा तेव्हां सार्वत्रिक समज होता. कमिशननें चौकशीअंतीं असें नमूद केलें कीं, ह्या कारणास फाजील महत्त्व दिलें गेलें आहे. असे प्रसंग क्वचित् येतात, व तो खर्च क्वचितच कर्जाचें मूळ असतो. दीडशें वर्षांपूर्वीं परक्या सरकारच्या कमिशनास जें दिसलें, तें आपल्याच लोकांनीं विसरावें, हें बरें नव्हे.

कापसाचा भाव आपल्या यादींत नसतो. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, आपल्या कापसास अपूर्व भाव आला. गाडीच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्याच्या गोष्टी त्या काळाविषयीं सांगतात. यादवी संपली, भाव पडला. चढल्या भावांत ज्यानें खर्च वाढविला त्यास उतरत्या भावानें रडविलें, हें खरें. परंतु भाव चढविणें वा पाडणें त्याच्या हातीं नव्हतें, हेंहि तितकेंच खरें.

आम्हीं पाहिलेल्या चौकशीच्या कागदांत एका घराच्या मालाची यादी अवघ्या पांच ओळींची होती. त्या घरास कमी करण्यासारखें काय उरलें होतें? अशा घरीं जाऊन थोडक्यांत राहण्याचा महिमा सांगणें हें पाप आहे. तेथें बियाणें न्यावें, बँकेच्या पीककर्जाचा कागद भरून द्यावा, वेळेवर फेड करणारास व्याजांत सवलत मिळते तें समजावून सांगावें, व दोन दिवस त्याच्या डवरणीस जावें. बेताचा संसार हा ज्याच्याकडे थोडें तरी अधिक आहे त्यानें स्वतःस लावून घ्यावयाचा नियम आहे. तो दुसऱ्याच्या डोक्यावर मारण्याचा सोटा नव्हे.

शेवटीं एक सूचना

अक्षय तृतीयेस नवें साल धरण्यापूर्वीं प्रत्येक कास्तकार बंधूनें एक दिवस काढून घरच्या मालाची यादी करावी. यादी एकट्यानें करूं नये. घरांतील स्त्रियांस बरोबर बसवावें, कारण कोणती वस्तु कोणाच्या घरीं कितीदां जाते हें त्यांसच ठाऊक असतें. 'नुसतें आहे' तें निःशंकपणें काढावें. जें हप्ता वा चारा खातें त्यास पहिला प्रश्न विचारावा. आणि कायदा जें सावकारास नेऊं देत नाहीं, म्हणजे अवजार, बैल, बियाणें, अंथरूण व चुलीवरचें भांडें, तें आपणच काटकसरीच्या नांवाखालीं विकूं नये.

आमच्या घरच्या यादीची नवी प्रत पुतण्यानेंच आपल्या हातानें लिहिली आहे. ती आतां एकशें तीस ओळींची आहे. कृषी केंद्राची बाकी निम्म्यावर आली आहे. सर्व फिटलेली नाहीं. यादीच्या शेवटच्या ओळींत त्यानें लिहिलें आहे : 'ताडपत्री, नवी, नग दोन', आणि शेऱ्याच्या रकान्यांत, आम्हांस न विचारतां : 'जप्तींतून वगळलेल्या.'